पीएचडी होत आली, पण हा विषय नक्की कुठल्या विभागाचा? कुलगुरूंना आणि शिक्षण खात्याला खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या विद्यापीठांचे कुलगुरू, उच्च शिक्षण खातं आणि शालेय शिक्षण खातं

(तिघांना मिळून एकच पत्र लिहितेय. वेगवेगळं लिहिलं की प्रत्येक जण "हे आमच्याकडे येत नाही" म्हणतो, अनुभव आहे.)

सर, मॅडम, नमस्कार.

माझा पीएचडीचा विषय द्वितीय भाषा संपादन. सगळे एसएलए म्हणतात, मीही पुढे तसंच म्हणेन. थिसिस सबमिट झालाय, व्हायवाची तारीख यायचीय. विषय सांगितला की नातेवाईक विचारतात, मग इंग्लिश स्पीकिंगचा क्लास काढणार का, आणि मुलाखतीच्या पॅनलवरचे लोकही थोड्याफार फरकाने तेच विचारतात म्हणून आधी विषय काय ते सांगून टाकते. घरची भाषा झाल्यावर माणूस जी पुढची भाषा शिकतो ती त्याच्या डोक्यात कशी बसते, आधी काय येतं, नंतर काय येतं, कुठे येऊन अडतं, आणि का अडतं, एवढाच आमचा धंदा. सहावीतला पोरगा "ही गोएड टू मार्केट" असं लिहितो तेव्हा मास्तर लाल पेनने फुली मारतात. आम्ही म्हणतो थांबा, याला भूतकाळाचा नियम सापडलाय, गेल्या वर्षी तो "ही गो" लिहायचा. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली हे मांडलं की शिकणाऱ्याच्या चुकांना स्वतःची एक व्यवस्था असते, १९७२ मध्ये लॅरी सेलिंकरने शिकणाऱ्याच्या या अर्धवट भाषेला "इंटरलँग्वेज", म्हणजे मधली भाषा, असं नाव दिलं, आणि तिथून पुढे हा विषय जगभर उभा राहिला. आपल्याकडे अजून बसलेलाच आहे.

तुम्ही म्हणाल यात आम्हाला पत्र लिहिण्यासारखं काय. सांगते.

जून २००० मध्ये राज्याने मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू केलं, त्याआधी पाचवीपासून होतं. मी त्याच वर्षी पहिलीत गेले. माझा दादा तीन इयत्ता पुढे होता, त्याला जुन्या पद्धतीने पाचवीतच इंग्रजी लागलं. म्हणजे एकाच घरात, एकाच जिल्हा परिषद शाळेत, थोड्याफार त्याच गुरुजींच्या हाताखाली, एक पोरगं पाचवीपासून शिकतंय आणि एक पहिलीपासून. अशी घरं त्या चार वर्षांत राज्यभर किती असतील विचार करा. संशोधनात अशी संधी विकत घेता येत नाही, कारण मुलांना मुद्दाम दोन गटात वाटता येत नाही, ते सरकारच्या एका निर्णयाने आपोआप वाटले गेले होते आणि दोन्ही गट आपल्याच वर्गात बसलेले होते.

आता स्पेनमध्ये काय झालं ते बघा. तिथे १९९०च्या दशकात कायदा बदलला आणि शाळेत परकीय भाषा सुरू करायचं वय अकरावरून आठवर आलं. बार्सिलोना विद्यापीठातल्या लोकांनी, कार्मेन मुन्योस यांच्या नेतृत्वाखाली, लगेच दोन्ही गट पकडले, जुन्या नियमाची मुलं आणि नव्या नियमाची मुलं, आणि इंग्रजीचे सारखे तास झाल्यावर दोघांची तुलना केली, आधी २०० तासांनंतर, मग ४१६, मग ७२६. काम वर्षानुवर्षं चाललं. निघालं काय, तर सारख्या तासांनंतर उशिरा सुरू केलेली मुलं बहुतेक चाचण्यांत पुढे. म्हणजे लवकर सुरू केलं की आपोआप चांगलं येतं हे आठवड्याला दोन-तीन तासांच्या शाळेतल्या भाषेबद्दल खरं ठरत नाही. लहान वयाचा फायदा मिळतो तो भाषा दिवसभर कानावर पडत असेल तिथे, स्थलांतर करून गेलेल्या कुटुंबांच्या मुलांना मिळतो तसा. आणि गंमत अशी की ती बार्सिलोनाची मुलं आधीच कातालान आणि स्पॅनिश बोलणारी, त्यांना इंग्रजी ही तिसरी भाषा. ओळखीचं वाटतंय ना?

म्हणूनच २०२५ चा तो एप्रिल ते जून आठवला की अजून चिडचिड होते. १६ एप्रिलला जीआर, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा. मग १७ जूनला सुधारित जीआर. मग २९ जूनला दोन्ही रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. राजकारण काय व्हायचं ते झालं, त्यावर मला इथे बोलायचं नाही, प्रत्येकाचं मत आहे, माझंही आहे. पण त्या अडीच महिन्यांत टीव्हीवर प्रत्येक बाजूने "लहान मुलं भाषा पटकन उचलतात" हे नाहीतर "लहान मुलांवर ओझं होतं" हे वाक्य फेकलं जात होतं आणि दोन्हीकडे आपल्या मुलांचा एक आकडा नव्हता, एक रेकॉर्डिंग नव्हतं. कारण आकडा काढायचं काम ज्यांचं, तसे लोक पगारावर कुठे आहेतच नाहीत. २००० च्या निर्णयानंतर त्या पहिल्या बॅचला दहावीपर्यंत कुणी धरून ठेवलं असतं तर २०२५ मध्ये टेबलावर ठेवायला काहीतरी असतं. सोपं गणित आहे.

बरं, एसएलए म्हणजे फक्त इंग्रजी असा पण एक समज आहे, तो आधी काढून टाका. मेळघाटात जा. धारणी, चिखलदरा. घरी कोरकू बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी ही त्याची दुसरी भाषा असते, आणि कोरकू तर मराठीच्या कुळातली सुद्धा नाही, ती मुंडा गटातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली. तिच्यात नामं सजीव-निर्जीव अशी वाटलेली, आणि एक आणि अनेक यांच्या मध्ये "दोघं" साठी पण वेगळं रूप. मराठीत मात्र वही ती, पेन तो किंवा ते, आणि पुस्तक ते, याला काही कारण नाही, पाठ करायचं. मग मूल "माझा वही" म्हणतं, आणि शेरा पडतो "लक्ष देत नाही". लक्ष देतंय हो. तीन लिंगं आणि वर सामान्यरूप (घोडा पण घोड्याला, शाळा पण शाळेत) हे त्याच्या डोक्यात कुठल्या क्रमाने बसतं हे शिक्षकाला सांगायची जबाबदारी कुणाची आहे? गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला भिली, पावरी. २०११ च्या जनगणनेत देशात कोरकू मातृभाषा सांगणारे सात लाखांच्या वर होते. अशा घरांतली मुलं दरवर्षी मराठी दुसरी भाषा म्हणून शिकतायत आणि आपण त्याला "मराठी विषयात कच्चे" म्हणतोय.

आणि २०२० चा कायदा विसरू नका, तुमचाच आहे. राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. चांगलं केलं, मी पाठिंबाच देते. पण तमिळ, बंगाली, भोजपुरी घरातलं मूल मराठी शिकताना काय करतं? हिंदीवाला "मैंने आम खाया"च्या धर्तीवर "मीने आंबा खाल्ला" म्हणतो, आणि "मी"ला ने लागत नाही पण "त्याने"ला लागतो हे त्याला कधी कळतं? "मला भूक लागली" मध्ये मी कुठे गेला असं विचारणारी मुलं असतात. "आपण" आणि "आम्ही" यातला फरक, ज्याच्याशी बोलतोय त्याला धरून की सोडून, हा तर हिंदीवाल्याला सुद्धा नवीन असतो. पुस्तक कुठल्या क्रमाने लिहायचं हे यावरून ठरायला हवं. आज ते ठरतं समितीत कोण बसलंय त्यावरून.

आता माझ्या पोटाचा प्रश्न, त्यासाठीच मुख्यतः हे पत्र.

यूजीसीचा २०१८ चा नियम म्हणतो की सहायक प्राध्यापकाला संबंधित किंवा पूरक विषयात मास्टर्स हवं, ५५ टक्के, आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर नियमात बसणारी पीएचडी. वाचायला छान आहे. प्रत्यक्षात "पूरक" म्हणजे काय हे स्क्रुटिनीच्या, म्हणजे अर्ज छाननीच्या, टेबलावर ठरतं. माझं मास्टर्स भाषाविज्ञानात, नेट भाषाविज्ञानात. इंग्रजी विभागाची जाहिरात आली, अर्ज केला, स्क्रुटिनीत उडाला कारण एम.ए. इंग्रजी नाही. बी.एड. कॉलेजला विचारलं, तिथे एम.एड. हवं, ते ठीक आहे, नियमच आहे. मराठी विभागाने सांगितलं तुमचा विषय इंग्रजीकडचा. मग भाषाविज्ञानाचा विभाग, तर राज्यात स्वतंत्र भाषाविज्ञान विभाग बोटावर मोजण्याइतके, पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ असे, आणि तिथे जागा निघाली तरी आधी आरक्षणाचा रोस्टर, मग कोर्ट, मग आचारसंहिता, तुम्हाला माहितीय. एका कॉलेजने (नाव नको) तासिका तत्त्वावर घेतलं, तेसुद्धा कम्युनिकेशन स्किल्स शिकवायला, जिथे मी बायोडेटा कसा लिहावा ते शिकवत होते. स्वतःचा बायोडेटा कुठे पाठवावा हे मात्र मला कुणी शिकवलं नाही, असो.

आणि मी एकटी नाही. माझ्या ओळखीत आदिवासी मुलांच्या वाचनावर पीएचडी केलेला एक जण बँकेच्या परीक्षा देतोय, दुसरी एक गरोदरपणात गाईडचं रिटायरमेंट आल्यामुळे नवीन गाईड शोधत फिरतेय. या विषयाला गाईड म्हणून रेकग्निशन असलेले लोकच इतके कमी की एक निवृत्त झाले की चार-पाच विद्यार्थी रस्त्यावर. इंग्रजी विभागात काही चांगले लोक आहेत, मनापासून सांगते, पण विभागाची घडणच साहित्याची, सिनॉप्सिसवर (संशोधनाच्या आराखड्यावर) "यात साहित्यकृती कुठली घेतलीय?" असा प्रश्न आलाय मला. एका मोठ्या कमिटीत. मी म्हटलं सर, तिसरीतल्या मुलांची वाक्यं घेतलीयत. ते हसले, वाईट माणूस नव्हते, पण सिनॉप्सिस परत आला.

मुदतीचं पण बघा. २०२२ च्या नियमात पीएचडी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, वर री-रजिस्ट्रेशन करून दोन. मूल पहिलीत आल्यापासून चौथीपर्यंत त्याची भाषा बघायची तर चार वर्षं तिथेच गेली. त्याआधी कोर्सवर्क, गटशिक्षणाधिकाऱ्याची परवानगी, केंद्रप्रमुखांची परवानगी, पालकांच्या सह्या, त्यानंतर रेकॉर्डिंग ऐकून ऐकून लिहून काढणं, एक तासाच्या रेकॉर्डिंगला आठवडा जाऊ शकतो कारण वर्गात तीस मुलं एकदम बोलतात आणि मागे पत्र्यावर पाऊस. रेकॉर्डिंग तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, नेदरलँड्समध्ये बनलेली एलान आणि प्राट, त्याची अडचण नाही. अडचण वेळेची आणि पैशाची. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, असेल तर महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, ज्यांना मिळते ते नशीबवान, केंद्रीय विद्यापीठात नेटशिवाय असाल तर ८,०००, आणि आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपसाठी पोरांना आझाद मैदानात बसावं लागतं. नेदरलँड्समध्ये पीएचडीवाला हा विद्यापीठाचा नोकर असतो, चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, पगार, सुट्ट्या. आपल्याकडे "पीएचडी करून काय दिवे लावणार" हा प्रश्न २०२३ ला सभागृहातच विचारला गेला. त्यामुळे सगळे जण काय करतात, एका दिवसात भरून घेता येते अशी प्रश्नावली घेतात, शंभर शिक्षकांना "तुम्हाला इंग्रजी शिकवताना अडचण येते का" विचारतात, टक्केवारी काढतात, झाली पीएचडी. मी त्यांना दोष देत नाही, मुदत आणि पैसा असाच असेल तर तेच होणार.

"मग बाहेर जा ना, कंपन्यांत खूप जॉब आहेत" हे पण ऐकलंय. आहेत, खोटं कशाला बोला. भाषा शिकवणारी अ‍ॅप्स, परीक्षा घेणाऱ्या संस्था, बोलणं ओळखणारी सॉफ्टवेअर, यांना आमच्यासारखे लोक लागतात. फक्त इथे मराठीसाठी जे काम येतं ते बहुतेक नगावर पैसे देऊन टॅग लावायचं, सहा महिन्यांचं, ज्यात पीएचडीची गरज नाही आणि दिवसाच्या शेवटी तुम्ही काय टॅग केलं ते तुम्हालाही आठवत नाही. एनजीओत खरं काम चालतं, पालघरकडे मुलांच्या शिक्षणावर काम करणारी क्वेस्टसारखी संस्था आहे, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभं केलेलं काम आहे. मॅक्सीनताईंचं उदाहरण मला नेहमी द्यावंसं वाटतं, अमेरिकेतून आल्या, मराठी दुसरी भाषा म्हणून शिकल्या, फलटणच्या बोलीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएचडी केली, परदेशी लोकांसाठी मराठीची पुस्तकं केली आणि मग तिथल्याच मुलांच्या वाचन-लेखनात उतरल्या. पण एनजीओचा फंड प्रोजेक्टपुरता असतो, दहा वर्षांचा अभ्यास त्यांच्याकडून मागणं अन्यायाचं आहे.

डेटा नसला की काय होतं याचं एक उदाहरण. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने २०१३ मध्ये टोफेल११ नावाचा निबंधांचा संग्रह काढला, अकरा मातृभाषांच्या लोकांनी इंग्रजीत लिहिलेले १२,१०० निबंध, प्रत्येक भाषेचे ११००. त्यात आपल्या देशातल्या दोन भाषा आहेत, हिंदी आणि तेलुगू. मराठी नाही. त्या संग्रहावर जगभरातून पेपर निघाले, मातृभाषा ओळखणारी प्रोग्रॅम निघाली. २०११ ला सव्वाआठ कोटींच्या वर बोलणारे असलेली भाषा, अभिजात दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला, पेढे वाटले, मी पण खाल्ले. पण मराठी माणूस इंग्रजी कसं लिहितो, ए आणि द कुठे गाळतो आणि कुठे उगाच घालतो (आपल्याकडे आर्टिकल नाहीतच, त्यामुळे हा प्रश्न फार सुंदर आहे, रशियन आणि कोरियन लोकांवर यावर २००४ पासून मोठं काम झालंय), हे बघायला असा उघडा संग्रह आपण केला नाही. बोर्डाकडे दरवर्षी दहावीचे लाखो इंग्रजी निबंध येतात. तपासून झाले की रद्दीत. त्यातले नावं काढून टाकलेले पाच हजार दिले असते तरी एका पिढीच्या पीएचड्या झाल्या असत्या.

जर्मनीचं पण सांगून टाकते. २०२४ मध्ये राज्याने तिथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला, नर्स, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन पाठवायचे, त्याआधी जर्मन शिकवायचं. म्हणजे पंचवीस-तीस वर्षांची मराठी माणसं झपाट्याने जर्मन शिकणार. जर्मनमध्ये तीन लिंगं, मराठीत तीन, हिंदीत दोन. मग मराठीवाल्याला जर्मन लिंग सोपं जातं का? डच भाषेवर असा अभ्यास झालाय आणि तिथे जवळची लिंगव्यवस्था घरून घेऊन आलेले जर्मन लोक इतरांच्या पुढे निघाले. आपल्याकडे हा प्रयोग सरकारी खर्चाने होणारच आहे, वर्ग भरणार, परीक्षा होणार, फक्त वही घेऊन कोपऱ्यात बसणारा माणूस नेमलेला नाही. युरोपने १९८०च्या दशकात हेच उलट्या बाजूने केलं, पाच देशांत आलेल्या चाळीस स्थलांतरित कामगारांचं बोलणं अडीच वर्षं रेकॉर्ड केलं, त्यात इंग्लंडमध्ये इंग्रजी शिकणारे पंजाबी पण होते. म्हणजे आपल्या पंजाब्यांचं इंग्रजी त्यांनी टिपून ठेवलं, आणि भिवंडीत, चाकणला मराठी शिकणाऱ्या लाखो लोकांचं मराठी आपण ऐकून सोडून देतो.

हे आपल्या देशात जमत नाही असंही नाही. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंचा बंगलोर प्रकल्प १९७९ ते १९८४ चालला, साध्या सरकारी शाळांत, व्याकरण न शिकवता मुलांना कोडी, नकाशे, वेळापत्रकं अशी कामं देऊन इंग्रजी येतं का बघायला, आणि टास्कवर भाषा शिकवायची म्हटलं की आजही जगात कुठेही तो वाचावा लागतो. पाच वर्षं, दक्षिणेतल्या काही शाळा, थोडे शिक्षक. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र तर पुण्यातच आहे, परराज्यातल्या शिक्षकांना तिथे मराठी शिकवतात, म्हणजे मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणारी मोठी माणसं दरवर्षी आपल्या दारात येतात. रिद्धपूरचं मराठी विद्यापीठ नवीन आहे, मेळघाटपासून फार लांब नाही, तिथे साहित्य आणि संतवाङ्मय असावंच, पण कोरकू मुलांची मराठी हा विषय त्यांनी घेतला नाही तर कोण घेणार.

तर मागणं फार नाही. जाहिरातीत "संबंधित विषय" लिहिता तिथे एसएलए, उपयोजित भाषाविज्ञान हे शब्द स्पष्ट लिहा, इंग्रजी, मराठी आणि शिक्षणशास्त्र तिन्हीकडे, म्हणजे स्क्रुटिनीच्या माणसाला स्वतःच्या मनाने ठरवावं लागणार नाही. शाळेतल्या भाषेचा कुठलाही निर्णय घ्याल, इयत्ता बदलाल, तास बदलाल, पुस्तक बदलाल, त्या जीआरमध्येच एक परिच्छेद टाका की या बॅचच्या अमुक शाळांचा पाच वर्षं अभ्यास होईल आणि त्यासाठी अमुक पदं, कंत्राटी चालतील पण पाच वर्षांची, अकरा महिन्यांची नकोत. बोर्डाचे निबंध नावं काढून द्या. दोन विद्यापीठांतले दोन गाईड एकत्र, एक भाषाविज्ञानाचा एक शिक्षणाचा, हे कागदावर आहे, ते चालू द्या, प्रत्येक वेळी एनओसीसाठी सहा महिने फिरवू नका. पैसे किती लागतील तर एका मराठी भाषा दिनाच्या मोठ्या कार्यक्रमाच्या मंडपाएवढे, हा माझा अंदाज, चुकला तर तुम्ही दुरुस्त करा, बिलं तुमच्याकडे आहेत.

तिसऱ्या भाषेचं जे काही ठरेल, ते कुठल्या तरी जूनमध्ये कुठल्या तरी इयत्तेत सुरू होईलच. सुरू व्हायच्या आधी त्या मुलांचं पहिलं रेकॉर्डिंग व्हायला हवं, नंतर केलं तर तुलना कशाशी करणार. आम्ही काही जण रेकॉर्डर घेऊन जायला तयार आहोत, पहिल्या वर्षी प्रवासखर्च दिला तरी चालेल. अर्ज तीन प्रतींत करायचा की ऑनलाइन, आणि तिघांपैकी कुठल्या खात्याकडे, एवढं कळवावं.

आपली,
भाषाविज्ञानाची एक संशोधक विद्यार्थिनी, जून २००० ची पहिलीची बॅच